ट्रेटेनचा लाकडी पूल दहा वर्षांत पडला. दोष लाकडाचा का?

उत्तरवाट

नमस्कार मंडळी.

१५ ऑगस्ट २०२२ला सकाळी साडेसातच्या सुमारास नॉर्वेतल्या ट्रेटेन गावचा पूल लोगेन नदीत कोसळला. लिलेहामरच्या उत्तरेला, गुडब्रान्सडाल खोऱ्यात हे गाव आहे. पूल पडला तेव्हा त्यावर एक मालट्रक आणि एक मोटार होती. दोघेही चालक वाचले. ट्रक पुलाच्या तिरप्या उभ्या राहिलेल्या तुकड्यावर अडकला होता, त्याच्या चालकाला हेलिकॉप्टरने उचलून घ्यावं लागलं.

आकार सांगते, कारण लाकडी पूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओढ्यावरचा साकव येतो. हा पूल १४८ मीटर लांब होता, मधला सर्वांत मोठा गाळा (दोन खांबांमधला भाग) सुमारे ७० मीटरचा. गावाला महामार्गाशी जोडणारा रोजच्या वाहतुकीचा रस्ता त्यावरून जायचा. दोन्ही बाजूंचे भार पेलणारे सांगाडे चिकटवलेल्या लाकडाचे (याला ग्लुलॅम म्हणतात) आणि जोडीला पोलाद. २०१२ साली खुला झाला होता. म्हणजे जेमतेम दहा वर्षांचं आयुष्य.

मी हामारला राहते. या भागात लाकडी बांधकामाचा लोकांना फार अभिमान आहे. १९९४च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेलं आमच्या गावचं स्केटिंगचं सभागृह, त्याच्या छताच्या अजस्र कमानी ग्लुलॅमच्या. म्योसा तळ्याकाठी ब्रुमुंडालला २०१९ साली पूर्ण झालेली ८५.४ मीटर उंचीची लाकडी इमारत आहे. पूल पडल्यावर मात्र सूर पालटला. 'शेवटी लाकूड ते लाकूडच' हे वाक्य मी इथल्या शेजाऱ्यांकडून ऐकलं आणि पुण्याहून आलेल्या फोनवरही ऐकलं.

मला ते पटत नाही. अपघाताच्या चौकशीचे अहवाल वाचल्यावर माझं मत असं झालंय की लाकूड कुजलं नव्हतं, किडलं नव्हतं, ट्रकही पुलाने पेलायला हवा त्याहून जड नव्हता. दोष माणसांनी केलेल्या हिशोबात होता. पण मी अभियंता नाही. इथे बरेच जाणकार आहेत, म्हणून विचारते:

दोष लाकडाला देणं योग्य आहे का? आणि मोठ्या नदीवर, जड वाहनांच्या रस्त्यासाठी लाकडी पूल आजच्या काळात बांधावा का?

भोचक_भवानी

पुलाच्या धाग्याला पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा)!
जागा पकडून ठेवते, वाचून परत येते.

पक्का_पाया

माझी सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात, त्यातला मोठा भाग पुलांवर गेला. स्पष्ट बोलतो, राग नसावा. ज्या पुलावरून मालवाहू ट्रक जाणार, त्याला लाकूड वापरायचं हे माझ्या बुद्धीला झेपत नाही.

पाणी, वाळवी, आग, बुरशी हे सगळे शत्रू लाकडालाच. काँक्रीटलाही रोग असतात, सळई गंजते, क्लोराइड आत शिरतं. पण ते रोग आपल्याला ओळखीचे आहेत. त्यांचे उपाय खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्यालाही माहीत असतात. आमच्याकडे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पूल तपासायचा नियम आहे. लाकडाच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून कसं कळणार?

शिवाय लाकूड एकसारखं नसतं. एका झाडाचे दोन वासे सारखे निघत नाहीत. ज्याची ताकद नक्की सांगता येत नाही त्याचा हिशोब मांडणार कसा?

गर्डर

काका, तुमचे प्रश्न रास्त आहेत. मी संरचना अभियंता आहे, युरोपात काम करतो, लाकडाच्या इमारती केल्या आहेत, पूल नाही. जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं सांगतो.

'एका झाडाचे दोन वासे सारखे नसतात' यावरच ग्लुलॅम हा उतारा आहे. स्प्रूस किंवा पाइनच्या साधारण ४ ते ४.५ सेंटिमीटर जाडीच्या फळ्या वाळवून, प्रतवारी करून, एकावर एक चिकटवतात. एका फळीतली गाठ दुसऱ्या फळीतल्या गाठीवर येण्याची शक्यता कमी, त्यामुळे पूर्ण तुळईची ताकद बरीच भरवशाची होते. लांबीही झाडाच्या उंचीवर अवलंबून राहत नाही, फळ्या टोकाला बोटांसारख्या खाचा पाडून जोडता येतात.

दुसरी गोष्ट वजन. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २४०० ते २५०० किलो, स्प्रूसचं सुमारे ४५०. पुलाची निम्मी मेहनत स्वतःचं वजन उचलण्यात जाते, तिथे हा फरक प्रचंड आहे.

बुरशीबद्दल: नॉर्वेत पुलाच्या फळ्यांना चिकटवण्याआधी तांब्याच्या क्षारांचं द्रावण पाजतात, मग तयार तुळई क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवतात. वरच्या अंगाला तांब्याचा पत्रा ठोकतात, म्हणजे पावसाचं पाणी थेट लाकडावर थांबत नाही. आगीबद्दल: जाड लाकूड मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर या वेगाने कोळसा होत आत जातं आणि तो कोळशाचा थर आतल्या लाकडाला वाचवतो. उघडं पोलाद आगीत फार लवकर मऊ होतं.

हे कागदावरचं नाही. १९९६ साली नॉर्वेतल्याच ग्लोमा नदीवर एव्हेनस्टाडला १८० मीटरचा लाकडी पूल झाला, ३६ मीटरचे पाच गाळे. २००१ साली टिनसेटला त्याच नदीवर ७० मीटर गाळ्याची लाकडी कमान झाली. २००३ साली फ्लीसाला. फिनलंडमध्ये १९९९ साली विहान्तासाल्मीचा १८२ मीटरचा पूल राष्ट्रीय महामार्गावर बांधला. नॉर्वेतल्या रेना लष्करी तळाजवळच्या शोलसेटर पुलावरून तर रणगाडे नेतात.

सातपुडा_साग

एवढं सगळं बरोबर असेल तर मग ट्रेटेनचा पडला कसा? मुद्द्याचं बोला राव.

गर्डर

सांध्यात पडला.

लाकडी सांगाड्यात दोन तुळया एकत्र येतात तिथे लाकडात उभ्या चिरा पाडतात, त्यात पोलादी पट्ट्या सरकवतात आणि आडव्या पोलादी पिना ठोकतात. नॉर्वेतली नेहमीची पद्धत म्हणजे ८ मिलिमीटरच्या पट्ट्या, १२ मिलिमीटरच्या पिना, आणि पिना भरपूर, दाटीने.

आता तुळईला ओढ बसली की काय काय होऊ शकतं? पिना वाकतील. पिनेखालचं लाकूड चेपलं जाईल. ही दोन्ही तुटणी सावकाश होतात, सांधा आधी ढिला पडतो, आवाज करतो. पण तिसरा एक प्रकार आहे. पिनांचा अख्खा गट आपल्याभोवतीच्या लाकडाचा ठोकळा घेऊन तुळईच्या टोकातून उपटून निघतो. पिना शाबूत, पट्टी शाबूत, लाकडाचा गाभाच फाटून बाहेर. हे एका क्षणात होतं.

ट्रेटेनला मुख्य गाळ्यातल्या एका तिरप्या तुळईच्या टोकाला हेच झालं, असा नॉर्वेच्या अपघात चौकशी यंत्रणेचा निष्कर्ष आहे. तो सांधा गेला, त्याचा भार घ्यायला दुसरं काही नव्हतं, आणि पूर्ण पूल गेला.

युरोकोड ५च्या (लाकडी बांधकामाच्या युरोपीय नियमावलीच्या) परिशिष्टात या तुटण्याचा हिशोब कसा करायचा ते दिलेलं आहे. ट्रेटेनच्या संकल्पनात (डिझाइनमध्ये) या एका प्रकारची वेगळी तपासणी झाली नव्हती.

सुतारपक्षी

आमचं घराणं सुतारकामाचं, सिंधुदुर्गात. आजोबांनी होड्यांची कामंही केली. मी आता फर्निचरचा कारखाना चालवतो. गर्डर यांनी जे सांगितलं ते आमच्या हाताला रोज जाणवतं, म्हणून लिहितो.

लाकूड उभ्या रेषेत ओढलंत तर भयंकर चिवट. बैल जुंपलेत तरी तुटणार नाही. तेच रेषेला आडवं ताणलंत तर हातभर फळीसुद्धा कुऱ्हाडीच्या एका घावात दुभंगते. फळीच्या टोकाजवळ खिळा ठोकला की चीर जाते हे घरी कपाट ठोकणाऱ्यालाही माहीत असतं. आजोबा म्हणायचे, टोकाला चार बोटं जागा सोड, आणि दोन खिळे एका रेषेत मारू नकोस, तिरके मार, नाहीतर दोघांमधून ढलपी निघेल.

ट्रेटेनचे तुटलेल्या टोकांचे फोटो मी पाहिले. ती ढलपीच आहे, फक्त माणसाएवढी मोठी. पिना दाट, एका रेषेत एकामागे एक. जिथे पिना आहेत तिथलं लाकूड आधीच भोकांनी आणि चिरांनी पोकळ केलेलं.

म्हणून उत्तरवाट ताईंशी माझं थोडं वेगळं मत आहे. 'लाकडाचा दोष नाही, हिशोबाचा आहे' असं म्हणून लाकडाला अगदी निर्दोष सोडता येणार नाही. रेषेला आडवं फाटणं हा लाकडाचा स्वभाव आहे. पोलादाला असा स्वभाव नाही, ते सगळ्या बाजूंनी सारखं. जे माप पोलादात चालतं ते लाकडात आणलं की लाकूड सोडत नाही. माझ्या मते तो पूल पोलादी सांगाड्याच्या डोक्याने काढला होता आणि लाकडात बांधला होता.

भोचक_भवानी

सुतारपक्षी, तुमचा प्रतिसाद मी माझ्या मुलाला वाचून दाखवला, तो स्थापत्यच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "आई, आम्हाला लाकडावर एक धडा आहे, तो ऑप्शनला टाकतो." आता टाकणार नाही असं वचन घेतलंय.

उत्तरवाट

सुतारपक्षी, 'पोलादाच्या डोक्याने काढला, लाकडात बांधला' हे वाक्य मी लिहून ठेवलंय. तुमचं म्हणणं मान्य. 'दोष' म्हणण्यापेक्षा लाकडाचा स्वभाव ओळखला नाही असं मी म्हणेन.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे, ती आता सांगते.

फेब्रुवारी २०१६मध्ये याच गुडब्रान्सडाल खोऱ्यात पर्कोलो नावाचा लाकडी पूल पडला होता. लाकडाचे ओंडके नेणारा ट्रक त्यावर होता. तोही नवा पूल. तिथेही सांध्याचाच हिशोब चुकला होता. त्यानंतर नॉर्वेच्या रस्ते प्रशासनाने तशाच बांधणीचे बाकीचे पूल तपासायला घेतले. त्यात ट्रेटेन होता!

पूल तपासला गेला आणि वापरात राहिला. सहा वर्षांनी पडला. मग तशा प्रकारचे १४ पूल एकदम बंद केले गेले. एका खोऱ्यात पूल बंद म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. दूधवाला, शाळेची बस, रुग्णवाहिका, सगळ्यांना लांबचा वळसा.

पहिली घंटा २०१६ला वाजली होती. ती ऐकूही आली होती. तरी दुसरा पूल का पडला?

मावळसुत

२०१६ वाचलं आणि सावित्री आठवली. २ ऑगस्ट २०१६ची रात्र, महाडजवळचा मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी आणि एक जीप अंधारात थेट नदीत. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब त्या आठवड्यात मृतदेहाची वाट पाहत काठावर बसून होतं. तो पूल दगडी होता. दगडाला कुणी दोष दिला नाही. सगळे म्हणाले, पूल जुना होता.

लाकडी पूल पडला की लाकूड वाईट, दगडी पूल पडला की वय झालं होतं. हा न्याय बरोबर नाही, एवढंच म्हणायचंय.

थंड_हवा

मावळसुत, तुमच्या मुद्द्याला जोड देतो. मीही नॉर्वेतच, ओस्लोला.

ट्रेटेन पडल्याला एक वर्ष होता होता, १४ ऑगस्ट २०२३ला, त्याच लोगेन नदीवर थोडं वरच्या अंगाला रिंगेबूजवळ रान्क्लेवचा रेल्वे पूल पडला. तो पूल पोलादी, १९५७चा. 'हान्स' वादळाच्या पुराने एका खांबाखालचा तळ नेला आणि गाळा नदीत गेला. गाड्या आधीच थांबवल्या होत्या म्हणून कुणी दगावलं नाही.

एक नदी, दोन पूल, दोन पदार्थ, दोन वेगळी कारणं. लाकडी पूल कोरड्या सकाळी एका ट्रकखाली गेला, पोलादी पूल पुरात गेला.

पक्का_पाया

थंड_हवा, रान्क्लेवचं कारण म्हणजे स्कावर. खांबाच्या बुडाशी पाणी भोवरा करून तळ खणतं. आपल्याकडे नद्यांवर पूल पडण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि वरून काहीच दिसत नाही. सावित्रीच्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा केला, जून २०१७ला वाहतूक सुरू झाली. ते काम कौतुकाचंच होतं. पण पूल बांधायला आपल्याला पैसा मिळतो, जुने पूल पाण्याखाली जाऊन तपासायला मिळत नाही. हे मी नोकरीत असताना वरपर्यंत लिहिलंही होतं.

गर्डर आणि सुतारपक्षी यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. अजून पचवतोय.

झेलमकाठ

थोडं अवांतर. मोठ्या नदीवर लाकडी पूल ही कल्पना आपल्या देशाला नवीन नाही. श्रीनगरला झेलमवर 'कदल' म्हणतात ते पूल होते. झैना कदल सुलतान झैन-उल-आबिदीनने १४२७ साली बांधला. देवदाराचे ओंडके आडवे-उभे रचून खोकी करायची, त्यात दगड भरायचे, तेच खांब. वर ओंडके एकापुढे एक सरकवत गाळा कमी करत आणायचा. पूर आला तर पाणी ओंडक्यांच्या फटींतून निघून जायचं, आणि एखादा गेलाच तर त्याच पद्धतीने पुन्हा उभा करायचे.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. त्या पुलात एक ओंडका काढला तरी पूल पडत नाही. शेजारचे दहा ओंडके भार घेतात. गर्डर यांनी लिहिलंय की ट्रेटेनला एक सांधा गेला आणि भार घ्यायला दुसरं काही नव्हतं. सहाशे वर्षांपूर्वीच्या लोकांना हिशोब येत नव्हता म्हणून ते जास्तीचं लाकूड घालत होते. पण त्यामुळेच ते वाचत होते.

कोकणचा_माणूस

आमच्या वाडीतला साकव दर पावसाळ्याआधी अख्खं गाव मिळून बांधायचं. माडाचे दोन ओंडके, वर पोफळीच्या चिवांचा पाटा, धरायला काथ्याचा दोर. पाऊस संपला की वाहून गेलेला असायचा, कुणाला दुःख नाही. आता काँक्रीटचा झालाय. चांगलाच आहे, म्हातारी माणसं न घाबरता जातात. पण श्रमदानाच्या दिवशीचं घावणे-चहाचं जेवण गेलं ते गेलंच.

भोचक_भवानी

धागा पुलावरून घावण्यांवर आला. आता तो यशस्वी झाला असं जाहीर करायला हरकत नाही.

सातपुडा_साग

घावणे नंतर. आधी जंगलाचं बोला. मी वनखात्याशी संबंधित काम करतो.

नॉर्वे-फिनलंडला स्प्रूसची जंगलं कापायची, लावायची, पुन्हा कापायची ही चक्रं पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहेत. आपल्याकडे तसं नाही. केंद्राच्या बांधकाम खात्याने १९९३ साली सरकारी इमारतींत लाकूड वापरायला बंदी घातली होती, ती २०२०मध्ये उठवली. त्या सत्तावीस वर्षांत दारं-खिडक्यांना ॲल्युमिनियम आणि पीव्हीसी आलं, लाकूड ओळखणारे कारागीर कमी झाले. आपला साग उत्तम, पण तो पुलाच्या तुळया करण्याइतका स्वस्त कधीच नसणार.

तेव्हा लाकडी पूल आपल्याकडे आणा असं कुणी सुचवत असेल तर माझा विरोध.

उत्तरवाट

नाही नाही, तसं मी सुचवत नाहीये. प्रश्न तिथलाच आहे, जिथे लाकूड दाराशी उगवतं.

आकडेवाली

सगळे लाकडाच्या बाजूने बोलताय म्हणून विरुद्ध बाजू मांडते. मी रसायनशास्त्राची आहे.

क्रिओसोट! कोळशाच्या डांबरापासून काढतात, त्यातली संयुगं कर्करोगकारक आहेत, युरोपीय संघात त्याच्या वापरावर कडक निर्बंध आहेत. आपल्याकडे जुन्या लाकडी स्लीपरांना तेच पाजलेलं असायचं. उन्हात रुळांकडून जो उग्र वास यायचा तो आठवा. तो पदार्थ तुम्ही नदीच्या डोक्यावर टांगताय. पूल पडल्यावर ते पाजलेलं लाकूड मासे असलेल्या नदीत गेलं. मग 'हिरवा' पूल कसला? काँक्रीटच्या सिमेंटमधून कार्बन निघतो हे मान्य, पण एका विषाचा हिशोब धरायचा आणि दुसऱ्याचा सोडायचा हे मला चालत नाही.

गर्डर

आकडेवाली, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि लाकडी पुलांच्या बाजूने बोलणारे तो टाळतात हेही खरं.

क्रिओसोटशिवायचा मार्ग आहे. नेदरलँड्समध्ये स्नेक शहराजवळ ए-७ महामार्गावर दोन लाकडी रस्ता-पूल आहेत, २००८ आणि २०१०चे, गाळा ३२ मीटर. त्यांचं पाइन ॲसिटिक अनहायड्राइडची प्रक्रिया केलेलं आहे. म्हणजे मूळ रसायन व्हिनेगरच्या घराण्यातलं. लाकडाची पाणी शोषण्याची जागाच त्यात भरून जाते, मग बुरशीला ओल मिळत नाही. महाग पडतं, आणि जाड तुळयांना सगळीकडे परवडत नाही. दुसरा मार्ग फार जुना आहे: डोक्यावर छप्पर. स्वित्झर्लंडचे जुने लाकडी पूल छपराखाली शतकानुशतकं टिकले. लुसर्नचा कापेलब्रुक चौदाव्या शतकातला. १९९३च्या आगीत बराच जळला, पण तोवर कुजला नव्हता.

आकडेवाली

उत्तर मिळालं, धन्यवाद. छप्पर हा उपाय मला रसायनापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

भोचक_भवानी

मी सगळं वाचून परत आले. एक गंभीर प्रश्न. पक्का_पाया काका म्हणतात तसं दरवर्षी नीट तपासणी केली असती, तर ट्रेटेनचा धोका आधी दिसला असता का?

गर्डर

नाही. आणि हे सगळ्यात कठीण आहे.

पुलाची तपासणी करणारा काय बघतो? कुजणं, भेगा, ओल मोजायच्या सुया, गंज, ढिले बोल्ट. ट्रेटेनला यातलं काही कारण नव्हतं. पिना आणि पट्ट्या लाकडाच्या पोटात, आणि लाकडाचा ठोकळा उपटला जाणं हे पूर्वसूचना न देता होतं. दहा वर्षं ट्रक जात होते, सांधा आपल्या मर्यादेच्या जवळ काम करत होता, आणि बाहेरून पूल सुंदर दिसत होता. तो फक्त कागदावर सापडला असता. कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून बसून, 'हा सांधा किती प्रकारांनी तुटू शकतो' असं विचारून.

उत्तरवाट यांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. एक पूल पडल्यावर आपण बाकीच्या पुलांत तोच दोष शोधतो. पर्कोलोनंतर सांधे पाहिले गेले, पण ठोकळा उपटण्याचा प्रकार निसटला. पडलेला पूल आपल्याला एक उत्तर देतो आणि आपण तेच उत्तर घेऊन दारोदार फिरतो.

पक्का_पाया

गर्डर, तुमचा हा प्रतिसाद छापून मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या गटात टाकतो आहे, हरकत नसावी.

आता माझं म्हणणं. धाग्याच्या सुरुवातीला मी पदार्थावर बोललो होतो. आता मला वाटतं, माझी हरकत लाकडावर नसून त्या सांगाड्याच्या बेतावर आहे. सत्तर मीटरच्या गाळ्यात मोजक्याच मोठ्या तुळया घ्यायच्या, प्रत्येकीवर प्रचंड ओढ आणायची, आणि ती सगळी ओढ एका टोकातल्या पिनांवर सोपवायची. असा बेत पोलादातही मी मंजूर करताना दहा वेळा विचार केला असता. आमच्या संकल्पचित्र मंडळात एक वरिष्ठ होते, ते प्रत्येक नकाशावर पेन्सिलने एक तुळई खोडायचे आणि विचारायचे, "आता सांगा, भार कुठून जाईल?" उत्तर आलं नाही तर नकाशा परत.

झेलमकाठ यांनी लिहिलेल्या कदलच्या ओंडक्यांचंही तेच.

सुतारपक्षी

काका, जुळलं आपलं. पेन्सिलवाल्या साहेबांना नमस्कार सांगा.

उत्तरवाट

इतके मनापासून प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. दुसरा अजून राहिलाय: मोठ्या नदीवर लाकडी रस्ता-पूल बांधावा का? म्योसा तळ्यावरून महामार्गाचा मोठा पूल लाकडात करावा अशी चर्चा इथे बरीच झाली होती. आता लोक तो विषय काढायलाही कचरतात. मला वाईट वाटतं ते याचं. हो की नाही, जाणकारांनी एकदा सांगावंच.

थंड_हवा

माझं मत हो, पण जागा पाहून. फ्लीसाचं उदाहरण घ्या. ग्लोमावर तिथे आधी जुना पोलादी पूल होता. वरचा भाग कालबाह्य झाला पण नदीतले खांब चांगले होते. लाकडी सांगाडा हलका, म्हणून रुंद नवा पूल त्याच जुन्या खांबांवर बसवता आला. काँक्रीटचा टाकला असता तर नदीत नवे पाये खणावे लागले असते. जिथे लाकडामुळे असा खरा फायदा आहे तिथे लाकूड हक्काने वापरावं.

पक्का_पाया

जुने खांब वापरता येणं हा मुद्दा मला पटला. खर्चाचा मोठा भाग पाण्याखालीच असतो.

गर्डर

माझंही हो. पण मला कुणी असा पूल काढायला सांगितला, तर मी ट्रेटेन किंवा फ्लीसा समोर ठेवणार नाही, एव्हेनस्टाड ठेवेन. ३६ मीटरचे पाच गाळे. नदीत खांब जास्त येतात, त्यांचा खर्च आणि स्कावरची काळजी वाढते, काका त्यावर बोलतीलच. पण एकेका सांध्यावरची ओढ कमी होते, पिना विरळ ठेवता येतात, टोकाला सुतारपक्षींच्या आजोबांची चार बोटं सोडता येतात.

सत्तर मीटरचाच गाळा हवा असेल तर टिनसेटसारखी कमान. कमानीत मुख्य तुळई दाबात असते, आणि दाबलेल्या लाकडातून पिनांचा ठोकळा उपटून येत नाही.

पक्का_पाया

स्कावरवर बोलतोच. खांबांची बुडं खडकात न्या, आणि पाच गाळे खुशाल घ्या.